टायमिंग लाईट, सात महिन्यांनंतर : माझा १ स्टार मी मागं घेतोय

टायमिंग लाईट म्हणजे प्लगला ठिणगी पडते त्याच क्षणी लुकलुकणारा दिवा; त्यात फिरत्या पुलीवरची खूण उभी दिसते आणि ठिणगी वेळेवर पडते का (म्हणजे टायमिंग) ते कळतं. जुलैमध्ये मी या लाईटला १ स्टार दिला होता आणि खाली रागात लिहिलं होतं की माल खराब आहे, कुणी घेऊ नका. ते मी काढून टाकलंय. लाईट बरोबर होती, मी चुकलो होतो. दुसऱ्या कुणा जुन्या गाडीवाल्यानं माझ्यासारखीच घाई करून चांगली वस्तू परत पाठवू नये म्हणून हे सविस्तर लिहायलोय.

गाडी अ‍ॅम्बॅसॅडर मार्क ४, १९८४ची, वडिलांनी घेतलेली, १४८९ सीसी पेट्रोल इंजिन. राहायला आम्ही अंबाजोगाईला. दुखणं जुनंच होतं, आयडलिंगला गाडी थरथरायची, गिअरचा दांडा हातात नाचायचा, सिग्नलला उभी राहिली की दोन मिनिटांत बंद. मेमध्ये बहिणीच्या घरचं लग्न होतं लातूरला, गांधी चौकात भर दुपारी तीन वेळा बंद पडली, मागं गाड्यांची रांग, आत घरची सगळी माणसं आणि रुखवताचं सामान. त्या दिवशी ठरवलं की आता अंदाजपंचे काम बास, टायमिंग डोळ्यांनी बघायचं. तोपर्यंत दोन वर्षांत तीन पॉइंट सेट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क), दोन कंडेन्सर, प्लगचा एक सेट आणि एक कॉइल झाली होती. पेन्शनमधून हा खर्च करताना जीवावर येतं, खोटं कशाला बोलू.

लाईट ११५० रुपयांना पडली, ऑनलाईन. दोन चिमटे बॅटरीला, तिसरा क्लॅम्प १ नंबरच्या प्लगच्या वायरवर, बाण प्लगकडं, हे सगळ्यांना माहीत असेल. पुलीवरच्या खुणेला व्हाइटनर लावला, व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर इंजिन चालू करून लाईट मारली. आमच्याकडच्या उन्हात दुपारी हा उजेड अजिबात दिसत नाही, तेव्हा दिवे लागणीनंतरच करा. एक ठिकाणी खूण उभी राहायला पाहिजे होती, तर ती नाचायली. माझ्या इंजिनाच्या टायमिंग कव्हरवर जी टोकं आहेत त्यांच्यात ५-५ डिग्रीचं अंतर आहे, आणि खूण एका टोकावरून दुसऱ्यावर उडायची, परत मागं यायची.

मी लगेच निकाल लावला की लाईट बोगस आहे. हेल्पलाईनला फोन केला, तिथल्या मुलीनं शांतपणे सांगितलं, "सर, खूण हलत असेल तर दोष गाडीत असू शकतो, दुसऱ्या गाडीवर लावून बघा." मी तिच्यावर ओरडलो. ७ दिवस उलटून गेले होते म्हणून परत घेतली नाही त्याचा राग वेगळाच. आज वाटतं की त्या पोरीनं जे सांगितलं तेच खरं होतं आणि मी ऐकून घ्यायला पाहिजे होतं.

दोन महिने लाईट डब्यात पडून होती. गणपतीत शेजारच्या सरांची पद्मिनी दारात उभी होती, सहज लावून बघितली. खूण दगडासारखी स्थिर! हलेना की डुलेना. तिथंच मी खाली बसलो. लाईट चांगली, म्हणजे माझ्याच गाडीचं टायमिंग दर फेऱ्याला बदलायलंय, आणि आम्ही इतकी वर्षं बदलणारी गोष्ट एका जागी सेट करायलो होतो.

आमचे मेकॅनिक चाचा, ज्यांच्याकडं वडिलांपासून गाडी जाते, त्यांना सांगितलं तर म्हणले, "मास्तर, लाईट क्या बोलती मेरे कू नै मालूम, मेरा कान बोलता टायमिंग बराबर है." चाचांच्या कानाला मी कमी लेखत नाही, त्यांनी त्या कानावर चाळीस वर्षं गाड्या रस्त्यावर ठेवल्यात. पण कानाला सरासरी ऐकू येते, एकेका सिलिंडरचं वेगवेगळं नाही. म्हणूनच तर टायमिंग पुढं घेतलं (ठिणगी लवकर) की परळीच्या घाटात नॉकिंग म्हणजे इंजिनात टकटक व्हायची, मागं घेतलं (ठिणगी उशिरा) की गाडी तापायची आणि ओढायची नाही. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या होत्या, कारण काही सिलिंडर पुढं फायर होत होते आणि काही मागं.

आता जे मला या लाईटनं शिकवलं ते सांगतो, कारण पुस्तकात कुठं मला ते इतकं सरळ मिळालं नव्हतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२. १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर येतात, म्हणून क्लॅम्प काढून ४ नंबरच्या वायरवर लावला तरी तीच खूण त्याच जागी दिसायला पाहिजे. माझ्या गाडीत अंदाजे ४ डिग्रीचा फरक! मग पुलीवर बरोबर समोरच्या बाजूला दुसरी खूण केली, ती २ आणि ३ साठी, तिथंही तसंच. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा) क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळं डेल्कोत १ डिग्रीची चूक झाली की क्रँकवर ती २ डिग्री होते. कॅप काढली, रोटर (शाफ्टवरचा फिरणारा तुकडा) धरून शाफ्ट आडवा हलवला, आणि तो हलला. बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, खाल्लेला. शाफ्ट डुलला की पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा, गॅप मोठा झाला की टायमिंग पुढं, लहान झाला की मागं. फिलर गेजनं १५ थौ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे १ थौ) गॅप लावून मी किती समाधानानं झाकण लावायचो, ते समाधान शाफ्ट फिरायला लागला की संपत होतं.

डेल्को काढून लातूरला एमआयडीसीत एका लेथवाल्याकडं नेला. त्यानं शाफ्ट पॉलिश केला आणि त्या मापाचा गनमेटलचा बुश करून बसवला, ६०० रुपये घेतले. एक काळजी घ्या, खालचा डॉग (डेल्कोला इंजिनाशी जोडणारा तुकडा) काढायच्या आधी शाफ्टवर आणि डॉगवर पंचनं खूण करा. तो उलटा बसला तर रोटर १ च्या ऐवजी ४ कडं तोंड करतो आणि गाडी चालू होत नाही, मग माणूस कारण शोधत बसतो. आत अ‍ॅडव्हान्सचे वजनं (वेग वाढला की टायमिंग पुढं नेणारे) होते ते कोरडे पडले होते, रेस सोडल्यावर परत जागेवर यायचे नाहीत, ते धुऊन हलकं ग्रीस लावलं.

बसवल्यावर लाईट मारली. खूण उभी. १ वर उभी, ४ वर उभी, फार तर १ डिग्री इकडंतिकडं. मी एकटाच होतो अंगणात, बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं आणि तिलाही दाखवली. मग बॉडी फिरवून टायमिंग पुस्तकातल्या आकड्यावर आणलं (रोटर जिकडं फिरतो त्याच्या उलट बॉडी फिरवली की अ‍ॅडव्हान्स), बोल्ट आवळला आणि परत एकदा बघितलं, कारण आवळताना सरकतं.

थरथर गेली पण सगळी नाही. राहिलेली टायमिंगची नव्हती, हे आता खात्रीनं म्हणू शकत होतो, आणि हाच मला वाटतं लाईटचा सगळ्यात मोठा फायदा, एक शंका कायमची मिटते. कार्बोरेटरच्या खालच्या पॅकिंगवर क्लीनरचा बारीक फवारा मारला तर इंजिनचा आवाज बदलला, म्हणजे तिथून हवा शिरायली होती. इंजिन थंड असतानाच चालू करून, शेजारी वाळूची बादली ठेवून हे करा, हयगय नको. पॅकिंग ८० रुपयांचं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, त्यात ऑक्सिजन असल्यानं मिश्रण आधीच पातळ, वरून अशी हवा शिरली तर आयडलिंग बिघडणारच. एअर स्क्रू थोडा जुळवून घेतला. घाटात तिसऱ्या गिअरवर बिनआवाजी चढते आता, आणि अ‍ॅव्हरेज ८ वरून साडेदहाला आलंय, तीन वेळा टाकी फुल्ल करून मोजलंय.

आता तक्रार. वायर! ही वायर इतकी आखूड कुणी आणि का ठेवली हे मला सात महिन्यांत कळलेलं नाही. माझ्या गाडीत खुणा पुलीच्या खालच्या बाजूला आहेत, चाकाच्या बाजूनं आडवं होऊन बघावं लागतं, आणि लाईट जेमतेम रेडिएटरपर्यंत पोचते. ओढून धरली की बॅटरीवरचा चिमटा निसटतो, उजेड जातो, परत उठा, परत लावा, परत आडवे व्हा. साठी उलटलेल्या माणसाच्या गुडघ्याला हे किती पडतं! आणि ताणलेली वायर पंख्याच्या जवळून जाते, हे तर धोक्याचं आहे, कारण या उजेडात पंखा कधी थांबल्यासारखा तर कधी हळू फिरल्यासारखा दिसतो आणि हात सहज पुढं जाऊ शकतो. गमछा, उपरणं काढून ठेवा, बाह्या वर करा. दोन मीटर वायर जास्त दिली असती तर कंपनीचे किती पैसे गेले असते? मी तीन वेळा लिहून कळवलं, "नोंद घेतली" एवढंच उत्तर. म्हणून एक स्टार कापलाय आणि तो मी परत देणार नाही. ४ स्टार.

वायर मी स्वतः वाढवली, दोन्ही पॉवरच्या वायरींना जाड वायर जोडून, सोल्डर करून, वरून स्लीव्ह. क्लॅम्पच्या वायरीला हात लावला नाही, ती तशीच ठेवा. आता आरामात पोचते. चाचांकडं परवा एक फियाट आलीय, आयडलिंगची तीच तक्रार, त्यांनी स्वतःहून फोन करून विचारलं, "मास्तर, वो लाईट दो दिन के वास्ते मिलती क्या?" उद्या सकाळी नेऊन देतोय, व्हाइटनरची बाटली पण सोबत.