नवशिक्या धावणाऱ्यांनी जीपीएस घड्याळ घ्यावं का? सात-आठ महिने वापरल्यानंतरचं मत

स्पेसिफिकेशन्स सगळीकडे मिळतात, ती पुन्हा उतरवून काढत नाही. बॅटरी उत्तम, जीपीएस ठीक, स्क्रीन भर उन्हात दिसते. दिवाळीच्या सेलमध्ये साडेबारा हजारांना घेतलं. (घरात 'ऑफरमध्ये नऊला पडलं' एवढंच माहीत आहे.) कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार ज्या गोष्टीबद्दल आहे ती मनगटावर ठोके मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळात कमी-जास्त होऊ शकते. आणि नवीन माणसाचं धावणं बंद पडायला तेवढी एक गोष्ट पुरते.

आधी चांगलं सांगते. मी त्रेचाळीस वर्षांची, शाळेतल्या खोखोनंतर थेट आता पळायला लागलेली. सुरुवात 'काउच टू फाइव्ह के'ने केली. सोफ्यावरच्या माणसाला पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा, जॉश क्लार्कने १९९६ साली बनवलेला हा नऊ आठवड्यांचा प्लॅन बहुतेकांना माहीत असतोच: आठवड्यातून तीन दिवस, पहिल्या आठवड्यात साठ सेकंद धावायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. हा टाइमर घड्याळात एकदा भरून ठेवला की वेळ झाली की मनगटावर थरथर होते. फोन हातात धरायला नको, कानात काही नको, मनात आकडे मोजायला नकोत. या एका सोयीला पूर्ण मार्क. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे अंधारात धावताना तर हे फारच कामाचं.

आता ते ठोके.

डिसेंबरातली नाशिकची थंडी. शेजारच्या काकू आणि मी इतक्या हळू धावत होतो की चालणारे आजोबा आम्हाला मागे टाकून गेले. काकू जवसाची चटणी सांगत होत्या, मी मध्येमध्ये 'लसूण आधी भाजायचा की नंतर' वगैरे विचारत होते. घड्याळ काय म्हणतंय? १७२. स्क्रीन लाल, वर थरथर, 'वेग कमी करा'. २२० वजा वय हे ढोबळ सूत्र धरलं तर माझी कमाल १७७ येते. म्हणजे घड्याळाच्या मते मी जीव तोडून पळत होते, आणि पळता पळता पूर्ण वाक्यांत चटणीची चौकशी करत होते.

हे एखाददिवशी झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण घड्याळ त्या एका आकड्यावर पुढचा सगळा इमला रचतं. ठोके जास्त आणि वेग कमी दिसला की व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा, अंदाज खाली येतो. अंदाज खाली आला की 'ट्रेनिंग स्टेटस' बिघडतं. मग घरी येऊन चहा टाकावा तोवर फोनवर संदेश: 'आजचा व्यायाम अनुत्पादक. विश्रांती ६८ तास.' पहाटे पाचला थंडीत उठून गेलेल्या बाईला अनुत्पादक! काकूंनी तर 'हे घड्याळ माझ्या सासूबाईंच्या वळणावर गेलंय' असं जाहीर केलं. हसण्यावारी नेलं, पण खरं सांगायचं तर आठवडाभर उठावंसं वाटलं नाही. ६८ तास विश्रांती घड्याळानेच सांगितली होती, मग सबब हातात आयतीच.

सर्व्हिस सेंटर. टोकन, एसी, काचेचं काउंटर. तिथल्या मुलाने घड्याळ स्वतःच्या हाताला बांधलं आणि खुर्चीत बसून दाखवलं.

"मॅडम, ७४. एकदम बरोबर दाखवतंय."

"बसल्यावर बरोबरच दाखवतं हो. धावताना चुकतं."

"धावल्यावर वाढणारच ना, मॅडम."

त्याला दुकानासमोरच्या फुटपाथवर दोन मिनिटं पळून बघ म्हटलं तर तो हसायला लागला. 'सेन्सर ओके' अशी नोंद करून घड्याळ परत दिलं, वर फीडबॅकमध्ये दहापैकी दहा द्या म्हणून सांगितलं. दिले नाहीत.

इथपर्यंतचा मजकूर जानेवारीतच लिहून ठेवला होता, खाली 'पाचपैकी दीड' असा निकालही होता. तो आता बदलतेय.

संक्रांतीला भाचा आला होता. तो हाफ मॅरेथॉनवाला. त्याने ॲप उघडलं, ठोक्यांची रेघ आणि मिनिटाला पडणाऱ्या पावलांची रेघ एकावर एक ठेवली आणि म्हणाला, "मावशी, हे तुझे ठोके नाहीत, ही तुझी पावलं आहेत." दोन्ही रेघा १७०च्या आसपास एकमेकींना चिकटलेल्या! याला कॅडेन्स लॉक म्हणतात. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत टाकून रक्ताचा प्रवाह वर-खाली होताना टिपतं. थंडीत हातांकडे रक्त कमी येतं, पट्टा सैल असेल तर घड्याळ हलतं, आणि मग ठोक्यांच्या लयीऐवजी हाताच्या हिसक्यांची लय पकडली जाते. धावताना पावलं मिनिटाला १६०-१७५ पडतात, त्यामुळे तो आकडा ठोक्यांचा म्हणून सहज खपूनही जातो.

तुमच्याकडे असं होतंय का हे बघायला सर्व्हिस सेंटर नको. आकडा संशयास्पद वाटला की थांबा, लगेच मानेवर बोटं ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजा, चाराने गुणा. थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते, त्यामुळे थोडा फरक येणारच. माझ्याकडे घड्याळ १७० म्हणत होतं आणि बोटं १४०. उपाय म्हणजे घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, नेहमीपेक्षा घट्ट बांधायचं, स्वेटरची बाही त्यावर ओढायची, आणि आधी पाच-सात मिनिटं झपझप चालून हात गरम करायचे. एवढ्याने निम्मं काम झालं. उरलेलं भाच्याच्या छातीवरच्या पट्ट्याने. तो हृदयाचे विद्युत संकेत घेतो, हात हलण्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता गंमत. त्या खोट्या १७२मुळे महिनाभर मी दर दोन मिनिटांनी चालत होते. काकू मात्र घड्याळाशिवाय, जोशात. त्यांच्या नडग्या भरल्या आणि तीन आठवडे बसावं लागलं. माझं काही दुखलं नाही. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण स्नायुबंध आणि हाडं त्या भाराला सरावायला महिने घेतात. नवीन माणूस फसतो तो नेमका या मधल्या काळात, जेव्हा छाती म्हणते अजून पळ आणि नडगी तयार नसते. घड्याळाने चुकीच्या कारणासाठी मला बरोबर वेगात ठेवलं. म्हणून अर्धा स्टार परत दिला. जास्त नाही, कारण हे काम त्याने जाणूनबुजून केलेलं नाही.

प्लॅनबद्दलही एक. पाचव्या आठवड्यात पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटं तीनदा, दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटं दोनदा, आणि तिसऱ्या दिवशी एकदम वीस मिनिटं सलग. हे बघून बरेच जण तिथेच सोडतात. मी तो आठवडा पुन्हा पुन्हा केला. नऊ आठवड्यांचा प्लॅन मला मार्चअखेर पुरला. कुणी तारीख विचारत नाही. ट्रॅकवर सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतचं नाव निघतं तेव्हाही गोष्ट तिच्या गावापासून सुरू होते, कितव्या आठवड्यात काय जमलं इथून नाही.

एप्रिल-मेमध्ये ठोके पुन्हा चढले, या वेळी खरे. उन्हाळ्यात अंग गार ठेवायला रक्त त्वचेकडे जातं, त्याच वेगाला हृदयाला जास्त काम पडतं. छातीच्या पट्ट्यावरही दहा-बारा जास्त. घड्याळाने लगेच 'फिटनेस घटतोय' म्हटलं. तोपर्यंत मी मुख्य स्क्रीनवरून वेग, ठोके, व्हीओटू मॅक्स सगळं काढून टाकलं होतं. फक्त वेळ आणि टाइमर ठेवलाय. संदेश बंद करायची सोय सेटिंगमध्ये पार खोल आहे, पण आहे. वेगाचं माप म्हणून काकू. त्या बोलतात, मी पूर्ण वाक्यात उत्तर देऊ शकले तर वेग ठीक. नुसतं 'हं' निघायला लागलं की चालायचं.

तर घ्यावं का? नवीन असाल तर साडेबारा हजारांचं नको. इंटरव्हल टाइमर आणि थरथर असलेलं चार-पाच हजारांतलं चालेल, उरलेल्या पैशांत पायाला बसतील असे बूट घ्या, दुपारनंतर दुकानात जाऊन, कारण तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. ठोकेच बघायचे असतील तर पट्टा वेगळा घ्या, आणि घड्याळाला तो जोडता येतो ना एवढं खरेदीआधी तपासा.

माझा निकाल पाचपैकी तीन. त्यातला एक स्टार भाच्याच्या पट्ट्याचा आहे. तो पट्टा अजून परत केलेला नाही. ऑगस्टमध्ये त्याचा वाढदिवस आहे, तोवर सेल लागला तर त्याला नवीन घेऊन देईन आणि हा मलाच ठेवेन.