९० दिवसांत २० किलो: माझी आणि माझ्या गावातल्या बायांची फसवणूक

कापसाचे आणि तुरीचे पैसे हातात आले की आमच्याकडे माणसं येतात. कुणी साखळी योजना घेऊन येतं, कुणी घरकुलाच्या यादीत नाव वर सरकवून देतो म्हणतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत वजन कमी करून देणाऱ्या एका क्लबची माणसं आली. शेजारच्या तालुक्यात तशीच पत्रकं पुन्हा वाटली जात आहेत असं गेल्या आठवड्यात कळलं, म्हणून हे सगळं आकड्यांसकट लिहिते आहे. क्लबचं नाव लिहीत नाही. तसंही दर गावात ते नाव बदलतं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. वय ४६. एकोणीस वर्षं दर महिन्याला लेकरांची वजनं-उंच्या घेते. काटा आधी शून्यावर आणायचा, लेकराच्या अंगातलं स्वेटर काढायचं, भिंतीला टाच टेकवून उंची मोजायची, हे मी झोपेतही सांगेन. तरी मी फसले, आणि माझ्या शब्दावर सहा बाया फसल्या.

त्या जानेवारीत माझी साखर तपासली होती. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.२ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, वजन उतरवा. घरी येऊन मी डायरीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहिल्या. फाट्यापर्यंत दोन किलोमीटर न थांबता चालायचं. अंगणवाडीत खाली बसले की भिंतीला हात न लावता उठायचं. एवढंच मला हवं होतं. वीस किलोचा विचार माझ्या डोक्यात कधीच नव्हता.

शिबिर समाजमंदिरात होतं. "मोफत आरोग्य तपासणी, लठ्ठपणा मुळापासून बरा" असं पत्रक. एक तरुण मुलगा, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलायला फार गोड. दुपारी एकची वेळ, मी जेवून गेलेली, अंगावर शाल. अनवाणी मशीनवर उभं करून दोन्ही हातांत दांड्या दिल्या आणि चिठ्ठी निघाली. वजन ७८.४. आतली चरबी धोक्याच्या वर. शरीराचं वय ६३. हे त्याने सगळ्या बायांसमोर मोठ्याने वाचलं. मला घाम फुटला. माझी सासू ६४ व्या वर्षी गेली, त्याच्या पुढे मला काही सुचलंच नाही.

मी त्याला डायरी दाखवली. त्याने माझ्या दोन्ही ओळींवर रेघ मारली. "ताई, ध्येय मोठं पाहिजे, नाहीतर अंगातून जोर निघत नाही," म्हणाला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ९० दिवसांत २० किलो.

आज कुणी मला विचारलं की फसवणूक नेमकी कुठे झाली, तर मी त्या रेघेवर बोट ठेवते. पावडर, चहा, गोळ्या हे सगळं नंतर आलं. माझं स्वतःचं ध्येय खोडून त्याचं ध्येय माझ्या वहीत लिहिलं गेलं तिथेच मी गेले. दोन किलोमीटर चालायला माणसाला कुणाकडून काही विकत घ्यावं लागत नाही. नव्वद दिवसांत वीस किलो म्हटलं की घ्यावं लागतं.

तीन महिन्यांचं पॅकेज १३,५०० रुपये. त्यावर ३,००० रुपयांची "ध्येय-ठेव": ठरलेलं वजन उतरलं तर परत, नाही उतरलं तर बुडाली. मिळून १६,५००, माझ्या महिन्याच्या मानधनाहून जास्त. पैसे फोनवरून घेतले, तेही त्या मुलाच्या स्वतःच्या खात्यावर. बिल मागितलं तर म्हणाला, ॲपमध्ये दिसेल. ॲप कधी आलंच नाही.

सकाळी पाण्यात पावडर, रात्रीही पावडर, दुपारी अर्धी भाकर. वरण बंद, "डाळीने गॅस होतो" म्हणून. आमच्या शेतातली तूर घरात पोत्याने पडलेली, त्या शंभर ग्रॅम डाळीत बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिनं, आणि मी मात्र डब्यातल्या एका चमच्यातल्या आठ ग्रॅमसाठी पैसे मोजत होते. ज्या सेविकेने गरोदर बायांना वरण खा, वरण खा म्हणून कित्येक वर्षं सांगितलं, तिने स्वतःच्या ताटातलं वरण काढलं. रोज सकाळी ग्लासाचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा. एक दिवस चुकला तर ठेव गेली.

आणि रात्री झोपताना डिटॉक्स चहा. पहिल्या आठवड्यात दिवसाला चार-पाच वेळा पोट उतरायचं. "घाण निघते आहे, ताई, निघू द्या." आठव्या दिवशी सकाळी साडेसहाला, उपाशीपोटी, शाल न घेता क्लबात वजन केलं: ३.६ किलो कमी. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. मी त्या दिवशी आनंदाने रडले, हे खरं आहे.

कापूस पिकवणाऱ्या घरातल्या बाईला हे कळायला हवं होतं. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर गाडी गेली की आधी ओलावा पाहतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्याच्या वर असेल तर गाडी परत. ओलाव्यानेही वजन भरतं, पण तो कापूस नसतो. माझ्या अंगातून त्या आठवड्यात गेला तो बहुतेक ओलावाच. अन्न एकदम तोडलं की शरीर आधी यकृतातली आणि स्नायूंतली साठवलेली साखर वापरतं, आणि त्या साखरेच्या एका ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. वरून जुलाब. पोटभर जेवलं की हे सगळं दोन-चार दिवसांत परत येतं. चहाच्या पाकिटावर बारीक अक्षरात सोनामुखी लिहिलं होतं. ती जुलाबाची वनस्पती आहे, चरबीशी तिचा काही संबंध नाही. मी ते पाकीट रोज हातात घेत होते.

त्या ३.६ किलोच्या जोरावर मी सहा बाया आणल्या. क्लबवाल्यांनी मला आणायला सांगितलं आणि प्रत्येकीमागे ५०० रुपये माझ्या खात्यावर टाकले. मी ते घेतले. बायांनी ६,५०० रुपयांचं छोटं पॅकेज घेतलं. एकीने बचत गटातून कर्ज काढलं, एकीने सरकीसाठी ठेवलेले पैसे दिले. गावात लेकराला कोणती लस केव्हा हे माझ्या सांगण्यावर ठरतं, तसंच त्यांनी हेही ऐकलं.

पाचव्या आठवड्यात माझं वजन थांबलं. "तुम्ही चोरून खाता आहात," असं मला ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं आणि २,८०० रुपयांचा बूस्टर घ्यायला लावला. मी एक घास चोरून खाल्ला नव्हता.

मार्चच्या शेवटी शेजारच्या वहिनी गव्हाच्या वावरात पडल्या. घामाने चिंब, हात थरथरत, बोलणं बरळल्यासारखं. त्या सहांपैकीच एक, आणि त्यांना मधुमेहाची गोळी चालू. ग्रामीण रुग्णालयात नेलं तेव्हा रक्तातली साखर ४८ पर्यंत खाली आलेली. सलाइनमधून ग्लुकोज दिलं, अर्ध्या तासात डोळे नीट उघडले. डॉक्टरांनी गोळीचं पाकीट मागितलं. ग्लिमेपिराइड. ते म्हणाले, ही गोळी जेवलात तरी साखर खाली ढकलते आणि उपाशी राहिलात तरी ढकलते, मग जेवण तोडायला कुणी सांगितलं? मी तिथेच उभी होते. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "बाई, तुमी सांगतलं म्हणून मी पैसे देल्ले नं."

शिबिरात त्या मुलाने कुणालाही विचारलं नव्हतं की तुम्हाला कोणती गोळी चालू आहे. मीही विचारलं नव्हतं.

त्या रात्री घरी सगळं सांगितलं. आमचे हे रागावले नाहीत. म्हणाले, "मी कापूस नेतो तवा दोन काट्यांवर तोलतो. तू एकाच काट्यावर भरोसा कसा ठेवला?"

सकाळी क्लबात वजन केलं तेव्हा ७२.१ दाखवलं. तिथून थेट अंगणवाडी उघडली, मातांच्या वजनाचा डिजिटल काटा शून्यावर आणला आणि त्याच साडीत उभी राहिले. ७४.६. अडीच किलो तर काट्यानेच मारले होते. मग घरी येऊन सगळ्या चिठ्ठ्या ओळीने मांडल्या, तेव्हा कोपऱ्यातला एक आकडा दिसला. पहिल्या चिठ्ठीत माझी उंची १४९ सेंटिमीटर होती. तिसरीपासून १५४. माझी उंची १५४ आहे. पाच आठवड्यांत बाई पाच सेंटिमीटर वाढत नाही.

हा खेळ नीट समजून घ्या. ते मशीन अंगातून अगदी सौम्य वीज सोडतं आणि तिला होणाऱ्या अडथळ्यावरून अंगात पाणी किती, चरबी किती याचा अंदाज बांधतं. त्या अंदाजासाठी उंची, वय, स्त्री की पुरुष हे चालवणाऱ्याने हाताने भरायचं असतं. उंची कमी भरली की चिठ्ठीत चरबी वाढते, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) वाढतो. माझा खरा बीएमआय ३३ होता, चिठ्ठीत ३५.३ आला. पुढे खरी उंची भरली की काहीही न करता सुधारणा दिसते. पाणी प्यायलं, जेवलं, जुलाब झाले तरी आकडे हलतात. मशीनला दोष देऊ नका, खोटं त्यात भरलेलं होतं.

वीस किलोचा हिशेबही त्याच दिवशी केला, जो पहिल्या दिवशी करायला हवा होता. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. वीस किलोच्या १ लाख ५४ हजार. नव्वद दिवसांनी भागल्या तर रोज १,७०० हून जास्त कमी पडायला हव्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये बैठ्या कामाच्या बाईची दिवसाची गरज धरली आहे १,६६० कॅलरी. माझं वजन जास्त म्हणून माझी थोडी अधिक धरा. तरी अर्थ एकच, तीन महिने जवळजवळ काहीच खायचं नाही. ते ध्येय कुणाचंच पूर्ण होणार नव्हतं, म्हणजे सगळ्यांची ठेव पहिल्याच दिवशी बुडालेली होती.

क्लबात गेले, पैसे मागितले. मुलगा आधी गोड बोलला, मग म्हणाला, सही तुमची आहे. पंधरा दिवसांनी गाळ्याला कुलूप.

हिंगणघाटच्या ग्राहक चळवळीतल्या एका काकांकडे गेले. त्यांनी डबा हातात घेऊन आधी परवान्याचा आकडा मोजला. खाण्याच्या वस्तूवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक १४ अंकी असतो, आमच्या डब्यावर १३ होते. त्यांनी सांगितलं की क्रमांक बरोबर असता तरी त्याने वजन उतरतं असं सिद्ध होत नसतं, तो फक्त खाद्यपदार्थ विकण्याचा परवाना आहे. पत्रक पाहून म्हणाले, हे तर छापायलाच बंदी आहे: १९५४ च्या औषधी आणि जादुई उपाय कायद्यातल्या आजारांच्या यादीत लठ्ठपणा आहे, त्यावर औषधाची अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. घरोघरी माल विकणाऱ्यांसाठी २०२१ चे नियम आहेत, त्यात ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय दारात यायची मनाई आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझ्याकडे बिल नव्हतं, पण फोनवरच्या पैशांच्या नोंदी, चिठ्ठ्या आणि ग्रुपवरचे संदेश होते. ग्रुपमधून मला काढण्याआधी आमच्या मुलाने त्या सगळ्या संदेशांचे फोटो काढून ठेवले म्हणून ते वाचले. तुम्ही अशा ग्रुपात असाल तर आजच काढून ठेवा. नोटीस गेल्यावर क्लबच्या त्या मुलाने १२,००० रुपये पाठवले. बाकीचं प्रकरण चालू आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला नवा आकडा दिला: सहा महिन्यांत वजनाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे चार ते साडेसात किलो, आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर. आणि आठवड्यात दीडशे मिनिटं भरभर चालणं. वरण परत ताटात आलं. साखर, बेकरीची खारी आणि संध्याकाळचे तळलेले भजे गेले. आज अंगणवाडीच्या काट्यावर ७१.८ आहे, साखर ५.९. डायरीतल्या माझ्या दोन ओळी मी पुन्हा लिहिल्या. फाट्यापर्यंत न थांबता जाते. उठताना अजून एक हात जमिनीला टेकवावा लागतो.

सहा बायांचे ३९,००० होतात. त्याने पाठवलेले बारा हजार आधी त्यांनाच दिले, मला मिळालेले ३,००० धरून माझ्या मानधनातून २२,००० फेडले. पाच हजार उरले आहेत, ते वहिनींचे. "आधी बाकीच्यांचे द्या, मी कुठं पळते," असं त्याच म्हणाल्या होत्या. तूर विकली की देणार आहे. रोज सकाळी फाट्याकडे आम्ही दोघी सोबत चालतो, आणि निघण्याआधी त्यांनी गोळीबरोबर काही खाल्लं का हे मी विचारते.