साडेसहाशेचा स्कॅनर आणि त्याची ती निळी बत्ती

हा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सॉकेटात खोचला की इंजिनच्या बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारा डबा, घेऊन आठ महिने झाले. खरं तर मला घ्यायचा नव्हता. वॅगनआर २०१४ ची, तीन सिलिंडरची. ऐन पावसात पन्हाळ्याला निघालो, वाघबीळच्या चढाला गाडी आचके द्यायला लागली आणि इंजिनची पिवळी बत्ती लुकलुकायला लागली. ती नुसती पेटून राहिली तर गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकली की समजायचं, न जळलेलं पेट्रोल पुढं धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजतंय. तो गेला की खिसा गेलाच.

सर्व्हिस सेंटरनं इंजेक्टर सफाई, थ्रॉटल बॉडी, तीन प्लग, त्यांना ठिणगीचा करंट देणाऱ्या तीन कॉइल असं ११,८०० चं एस्टिमेट हातात ठेवलं. मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं, कुठल्या सिलिंडरला, एवढंच मी विचारलं. "सर, सगळंच करून घ्या." तिथनं निघालो आणि रागारागात ६५० रुपयांचा हा डबा मागवला.

पहिल्याच दिवशी कोड आला, पी०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा. दोन नंबर म्हणजे मधला, कुठल्याही बाजूनं मोजा. मधला प्लग बदलला, दोन दिवस गाडी लोण्यासारखी. तिसऱ्या दिवशी कावळा नाक्याच्या सिग्नलला परत थरथर, परत तोच कोड. त्या रात्री एक तारा देऊन मोकळा होणार होतो.

बरं झालं दिला नाही. कोड जागा सांगतो, कारण नाही, हे मला उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांनी सांगितलं. "नवीन काय आणू नका हो, आधी कॉइलची अदलाबदल करून बघूया." मधली कॉइल टायमिंग चेनच्या बाजूला, तिकडची मध्ये, कोड पुसला आणि रंकाळ्याला एक चक्कर. पी०३०१! आजार कॉइलबरोबर सरकला. एक नंबर चेनच्या बाजूनं मोजतात हेही फुकटात कळलं. कॉइल काढली तेव्हा मधल्या प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेलं होतं आणि कॉइलचं रबर फुगलेलं. ऑइल गळत होतं ते इंजिनवरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, एक कॉइल नवी, मजुरीसकट २,९०० रुपये. उरलेल्या दोन कॉइल अजून ठणठणीत.

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम बघून ठेवा. मिसफायर झाला तेव्हा आरपीएम किती, इंजिनवर लोड किती, ते त्यात असतं. कोड पुसला की तेही जातं. मी पहिल्यांदा घाईत पुसलं. डब्यावर 'व्हर्जन १.५' छापलंय. असले स्कॅनर ज्या चिपवर चालतात त्या मूळ ईएलएम३२७ चं १.५ कधी निघालंच नव्हतं, म्हणजे माल नकली. पण कोड वाचतो.

आता बत्ती. गाडी बंद, चावी घरात खुंटीला, तरी ह्या स्कॅनरची निळी बत्ती रात्रभर चालू! ओबीडी सॉकेटच्या सोळा नंबर पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, तिथनं हा पितो. दिवाळीत बारा दिवस गाडी उभी होती, परत आलो तर स्टार्टर नुसता टकटक. शेजारच्या काकांच्या गाडीनं जंप घेतला, वर त्यांचं व्याख्यान ऐकलं. बटण दिलं असतं तर कंपनीचे पाच रुपये जास्त गेले असते काय? सॉकेट स्टेअरिंगखाली, रोज वाकून उपटायचं, कंबर माझी. बायकोनं वैतागून बत्तीवर काळी टेप लावली. दिसत नाही आता. पण आत चालू आहे हे मला माहीत आहे ना.

चार तारे देत होतो. त्या टेपकडं बघून तीन.