घरी बांधलेल्या टू-सीटरचा विमा: फोर्टातली शाखा भारी, ट्रॅकचं मात्र विसरा

ज्यांची गाडी विमा पोर्टलच्या ड्रॉपडाऊनमध्ये सापडत नाही त्यांनी वाचा, बाकीच्यांनी आपला नेहमीचा ऑनलाइन विमा काढा आणि सुखी रहा.

आधी गाडी काय आहे ते. खाली जुन्या स्टँडर्ड हेराल्ड कारचा चासी (सांगाडा), तेच ९४८ सीसीचं इंजिन, वरती फायबरची उघडी टू-सीटर बॉडी. काकांनी परळला मित्राच्या वर्कशॉपमध्ये हौसेने बांधलेली, आता माझ्याकडे आहे आणि दर सुट्टीला तिच्याखाली आडवा होऊन काहीतरी सोडवत असतो. हेराल्ड मद्रासला १९६१ पासून बनायची आणि तिची बॉडी वेगळ्या चासीवर बोल्टांनी बसवलेली असायची, म्हणजे बोल्ट खोला, बॉडी उचला, आपल्याला हवी ती बसवा, त्यामुळे हौशी लोकांना हा चासी फार आवडायचा, इंग्लंडात तर त्यावर किटकार, म्हणजे सुटे भाग घेऊन घरी बांधायच्या गाड्या, निघायच्या. काकांनी त्या काळात बॉडीचा बदल रीतसर आरटीओत नेऊन आरसीवर चढवून घेतला होता. तो एक शिक्का नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

कारण आता नव्याने असं काही बांधायचं म्हणाल तर अवघड आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि त्यावर जानेवारी २०१९ मधला सुप्रीम कोर्टाचा निकाल, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी वेगळी करता येणार नाही असा. वर त्याच कायद्याच्या कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून कोणी विचारलं की मी पण बांधू का, तर मी म्हणतो आधी आरटीओ, मग विमा, मग वेल्डिंग.

तर विमा. पोर्टलवर हेराल्ड नाहीच. कॉल सेंटरवाला गोड आवाजात म्हणाला, "सर जवळचं एखादं मॉडेल सिलेक्ट करा ना, पॉलिसी निघेल." निघेल हो, पण क्लेमच्या वेळी सर्व्हेअर येऊन बघणार, कागदावर हॅचबॅक आणि समोर ही, मग विषय संपला. हे अजिबात करू नका. एक एजंट होता तो म्हणाला फक्त थर्ड पार्टी काढा, जुन्या गाडीला ओडी, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर, कोण देतं. म्हणजे चूक नाही त्याची, थर्ड पार्टी कायद्याने लागतेच आणि १००० सीसीच्या आतल्या खाजगी गाडीला २०२२ च्या दराने २०९४ रुपये अधिक जीएसटी, स्वस्तात काम होतं. पण माझी सगळी मेहनत बॉडीत आहे, ती गेली तर थर्ड पार्टी मला काय देणार.

शेवटी फोर्टातली एका सरकारी कंपनीची शाखा. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याच कंपनीच्या उपनगरातल्या दुसऱ्या शाखेने मला दारातूनच परत पाठवलं होतं, तेव्हा नाव वाचून तुम्ही भलतीकडे जाल. फोर्टात टेबलावर बसलेल्या मॅडमनी फोटो बघितले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अहो, ही गाडी आहे की होडी?" मग मात्र नीट बसवून सगळे कागद बघितले. प्रपोजल फॉर्ममध्ये एक मजेशीर गोष्ट, पेट्रोलची टाकी फायबरग्लासची आहे का असा वेगळा प्रश्न आहे, अख्खी गाडी फायबरची आहे का हा प्रश्न नाही. मॅडमनी ते हाताने लिहून घेतलं, बॉडी फायबर, टाकी पत्र्याची, दोन सीट, आरसीप्रमाणे. हाताने लिहिलेली ती ओळ पुढे उपयोगी पडली.

ओळखीचे सगळे म्हणत होते व्हिंटेजमध्ये टाक ना, डिस्काउंट मिळेल. नाही मिळत. विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये (दर आणि अटींचं पुस्तक) व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेली गाडी, आणि आधी ठरवलेली किंमत जशीच्या तशी देणारी ॲग्रीड व्हॅल्यू पॉलिसी फक्त त्यांनाच. आरटीओचं व्हिंटेज वेगळं, २०२१ चा नियम, पन्नास वर्षांहून जुनी पाहिजे पण मूळ रूपात, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नको. आपली बॉडीच बदललेली, तिथेही बाद. शिवाय अशा गाडीला मिळणाऱ्या व्हीए नंबरवर रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. मला रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला चहा प्यायला जायचं असतं, त्यामुळे नकोच ते.

मग आयडीव्हीचा, म्हणजे विम्यात धरायच्या गाडीच्या किमतीचा घोळ. पाच वर्षांच्या वरच्या आणि बंद पडलेल्या मॉडेलची किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवतात असा नियम आहे, ऐकायला छान, पण प्रत्यक्षात सिस्टीम काहीतरी भंगाराची किंमत दाखवते आणि सगळे मान डोलावतात. मी लायसन्सवाल्या सर्व्हेअरकडून व्हॅल्युएशन करून घेतलं, फायबरची, रंगाची, ब्रेकची बिलं लावली, फोटो लावले, आणि अडीच लाखावर तोड निघाली. खर्च त्याहून जास्त झालाय ते बायकोला माहीत नाही, जाऊदे. झीरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) वगैरे या वयाच्या गाडीला विचारूच नका. मालक-चालकाचा पंधरा लाखाचा अपघात विमा सोबत घेतला.

आता क्लेमचं सांगतो, रिव्ह्यूचा खरा भाग हाच. दादर टीटीला सिग्नलवर मागून टॅक्सी आली आणि डिकीचा कोपरा फुटला. सर्व्हेअर यायला उशीर झाला, फोन उचलत नव्हता, यासाठी एक स्टार कापला. पण आल्यावर माणूस जाणकार निघाला. हिशोब बघा कसा असतो, दहा वर्षांवरच्या गाडीला पत्र्याचा पार्ट बदलला की पन्नास टक्के घसारा कापतात, रबर-प्लास्टिकलाही पन्नास, पण फायबरग्लासला तीसच टक्के! म्हणजे फायबरची बॉडी इथे चक्क फायद्यात. आणि फायबरचं काम म्हणजे मॅट आणि रेझिन थोडं, हातकाम जास्त, घसारा पार्टवर लागतो मजुरीवर नाही, म्हणून गॅरेजवाल्याला सांगा की मटेरियल आणि लेबर वेगवेगळं लिही. कुर्ल्याच्या आमच्या चाचांनी पहिलं बिल एका ओळीत दिलं होतं, "बॉडी काम पूर्ण", ते तसंच गेलं असतं तर वांधे झाले असते. रंगाचं पण तसंच, फक्त मटेरियलवर पन्नास टक्के कापतात, आणि बिल एकत्र असेल तर एकूण रंगकामाच्या पंचवीस टक्के मटेरियल धरतात. वर सक्तीचे हजार रुपये आपल्या खिशातून. सगळं कापून जे हातात आलं ते माझ्या अपेक्षेपेक्षा बरं होतं. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, गेली ते वेगळं.

पावसाळ्यासाठी एक गोष्ट कोणी सांगत नाही. उघडी गाडी जून ते सप्टेंबर मुंबईत कोण काढणार? तर लेड-अप म्हणून एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडायची पुरवणी) असतं, गाडी सलग दोन महिने किंवा जास्त गॅरेजमध्ये बंद ठेवणार असं लेखी कळवलं की त्या काळापुरता कव्हर आखडतो आणि प्रीमियमचा थोडा हिशोब परत मिळतो. मॅडमनाही पुस्तक काढून बघावं लागलं, पण केलं त्यांनी. मात्र पाणी शिरणाऱ्या भागात गाडी असेल तर पूर त्यात धरलाय का ते आधी विचारा.

आता ट्रॅक. इथे मात्र सगळ्यांची बोंब आहे, एका कंपनीची नाही. पॉलिसीवर लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज म्हणून बारीक अक्षरात एक परिच्छेद असतो, ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग बाद. ओडीचे दर २००७ ला मोकळे झाले तरी ही भाषा जुन्या २००२ च्या टॅरिफचीच चालू आहे. आणि हे फक्त कंपनीचं नाही, कायद्यातच विमा कंपनीला रेसिंगचा बचाव दिलेला आहे. म्हणजे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला गेलात, किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईच्या सर्किटवर ट्रॅक डेला, तर गाडीचं जे होईल ते तुमचं. मी रेस नाही हो, नुसता फिरतोय, टायमिंग पण लावलं नाही, असं सर्व्हेअरला सांगून बघा.

मग मॅडम म्हणाल्या आयएमटी ३१ आहे ना, जुन्या टॅरिफमधलं ३१ नंबरचं एन्डॉर्समेंट, रिलायबिलिटी ट्रायल्स आणि रॅलीसाठी. मी लगेच खूश. वाचलं तर त्यात इव्हेंटचं नाव, जागा, तारीख, आयोजक सगळं लिहून जादा प्रीमियम भरायचा, आणि खालच्या अटीत परत तेच, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग नाही. म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली (ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळेत पोचायची) करणाऱ्यांना उपयोग आहे, सर्किटवाल्यांना शून्य. इंग्लंडात एका दिवसाचं ट्रॅक कव्हर विकत मिळतं आणि किटकारला ठरलेल्या किमतीची पॉलिसी पण मिळते. आपल्याकडे दुकानातच माल नाही.

मी काय करतो ते सांगतो. ट्रॅकवर नेताना गाडी चालवत नेत नाही, फ्लॅटबेड ट्रकवर घालतो, आणि त्या प्रवासाचा इनलँड ट्रान्झिट विमा वेगळा काढतो. मुंबई ते चेन्नई तेराशे किलोमीटरच्या वर जातं, खरी भीती तिथेच. यात क्लॉज ए घ्या, म्हणजे नाव घेऊन वगळलेलं सोडून सगळं त्यात येतं, बी नको. बी मध्ये आग, वीज, ट्रकची टक्कर, ट्रक उलटणं अशी मोजकी कारणं आहेत, रॅम्पवरून चढवताना गाडी घसरली तर बी काही देत नाही, आणि असल्या बुटक्या गाडीची पोट घासायची जागा रॅम्पच. ट्रॅकच्या गेटच्या आत गेल्यावर मात्र राम भरोसे, तिथे आयोजक जो कागद सही करून घेतात त्यात सगळी जबाबदारी आपलीच असते. म्हणून गाडीचा ट्रॅकवरचा खर्च मी बाजूला काढून ठेवलेला असतो आणि तो संपला की त्या वर्षी ट्रॅक बंद.

स्वतःच्या हाडांचं बघा. हेल्थ पॉलिसीत मोटर रेसिंग बाद असं लोक ठोकून सांगतात, पण आयआरडीएआयच्या (विमा नियामक) ठराविक अटींमधली नववी अट नीट वाचली तर ती प्रोफेशनल म्हणून भाग घेणाऱ्यांना लागू आहे, हौशी माणसाला नाही. पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसीची भाषा वेगळी असू शकते, तिथे प्रत्येक शब्द वाचा. मी हेल्थवाल्यांना ईमेल करून लेखी उत्तर घेऊन ठेवलंय, तोंडी उत्तराला किंमत नाही.

मार्क म्हणाल तर शाखेला चार, सर्व्हेअरच्या वेळेला दोन, पॉलिसीला रस्त्यासाठी साडेतीन आणि ट्रॅकसाठी शून्य. शाखेत जायचं तर सकाळी लवकर जा, लंचनंतर मॅडम बँकवाल्यांच्या कामात असतात, आणि आरसीची झेरॉक्स नाही, ओरिजिनल घेऊन जा, बॉडीचा शिक्का त्यांना डोळ्यांनी बघायचा असतो.