दुपारी दीडचा क्राफ्ट शो: तीन आठवडे आईसोबत बघून केलेला रिव्ह्यू

तर झालं असं की भांडुप स्टेशनच्या जिन्यावर पाय मुरगळला आणि तीन आठवडे घरून काम करायची वेळ आली. आमच्या घरी दुपारी दीड वाजता टीव्ही म्हणजे आईचा क्राफ्टचा कार्यक्रम, सोमवार ते शुक्रवार, तो चुकला तर तिला जेवण गोड लागत नाही. मी २५ वर्षांची, क्रोशा करते, थोडं भरतकाम, शिवणक्लास अर्धवट सोडलेला. इतकी वर्षं दीड वाजता मी ऑफिसात असायचे त्यामुळे या कार्यक्रमाबद्दल माझं काही मतच नव्हतं. आता आहे. नाव लिहीत नाही, ज्यांच्या घरी दुपारचा टीव्ही चालतो त्यांना कळेलच.

आधी रेटिंग देऊन टाकते, पाचपैकी दोन. त्यातला एक आईचा.

माझ्या फोनमध्ये क्राफ्टच्या सेव्ह केलेल्या रील्स चारशेच्या वर असतील आणि त्यातल्या करून बघितल्या तीन. कारण रीलमध्ये हात एवढ्या स्पीडने फिरतात की सुई कुठून घातली आणि कुठून काढली ते कळेपर्यंत रील संपून परत सुरू झालेली असते. म्हणून मला वाटलं होतं की टीव्ही म्हणजे निवांत काम, अर्धा तास, जाहिराती वजा केल्या तरी वीस मिनिटं, एका बाईने बसून एक गोष्ट नीट दाखवायला भरपूर झाली. तर नाही. यांनी रील बघून कार्यक्रम बनवलाय. म्हणजे गप्पा निवांत, पाहुण्यांचं स्वागत निवांत, "आज काय खास घेऊन आलात ताई" निवांत, आणि सुई हातात घेतली की फास्ट फॉरवर्ड आणि वर तबल्याचं म्युझिक.

मधमाशीच्या किचेनचा एपिसोड सांगते. अमिगुरुमी, म्हणजे ती जपानी पद्धतीची क्रोशाची छोटी भरीव खेळणी, आत्ता कॉलेजच्या प्रत्येक दुसऱ्या बॅगेला लटकलेली असतात ती. ताईंनी मॅजिक रिंग केली, म्हणजे सुरुवातीचं ते ओढून घट्ट करता येणारं दोऱ्याचं वर्तुळ, तीही हाताच्या मागून, कॅमेरा समोर त्यामुळे आम्हाला त्यांची नेलपॉलिश दिसली. मग "आता अशीच गोल गोल विणत जायची", म्युझिक, आणि टेबलाखालून तयार मधमाशी, "ही मी आधीच करून ठेवलीय". अहो पण सगळं क्राफ्ट त्या मधल्या भागातच होतं ना! पहिल्या फेरीत ६ मुके खांब (क्रोशाचा एक छोटा टाका), दुसरीत १२, तिसरीत १८, दर फेरीला ६ वाढवायचे म्हणजे गोल सपाट राहतो, कमी वाढवले तर टोपीसारखा वाकतो आणि जास्त झाले तर फ्रॉकच्या झालरीसारख्या लाटा येतात. एवढं सांगायला दोन मिनिटं लागली नसती आणि हे एकदा डोक्यात बसलं की माणूस मधमाशी काय, ऑक्टोपस पण करू शकतो. फेरी कुठे संपली ते कळत नाही म्हणून पहिल्या टाक्यात खूण अडकवायची हेही नाही सांगितलं. आई सेफ्टीपिन अडकवते. मी दोनशे रुपयांचे प्लॅस्टिकचे स्टिच मार्कर मागवले होते, त्यातले निम्मे सोफ्याच्या आत आहेत, आता मीही सेफ्टीपिनच वापरते.

शब्दांचा घोळ तर विचारूच नका. आमच्या आया साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब असं शिकल्या, स्वच्छ मराठीत, कुठे गोंधळ नाही. आम्ही यूट्यूबवर शिकलो, तिथे अमेरिकन बायका ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब. आणि अमेरिकेतलं डबल म्हणजे ब्रिटिशांचं ट्रेबल, म्हणजे आपला खांब. मला हे माहीत नसताना एक ब्रिटिश पॅटर्न उतरवून मी टॉप विणायला घेतला आणि जिथे मुके खांब हवे होते तिथे खांब घालत गेले, छातीपर्यंत यायला हवा होता तो गुडघ्याकडे निघाला आणि जाळी अशी की त्यात भाजी ठेवावी. खरंच भाजी ठेवतो आता, कांदे. तर कार्यक्रमातल्या ताई मराठी कार्यक्रमात बसून "डबल क्रोशे घ्या" म्हणतात, कुठलं डबल ते सांगत नाहीत, हात दिसत नाही, आणि आई मला विचारते काय म्हणाली गं ती. मराठीत चार नेमके शब्द पडलेत ते वापरायला काय जातं यांचं मला कळत नाही.

शिवाय मी डावरी आहे. फोनवर व्हिडिओ उलटा करून बघता येतो, टीव्हीवर ते जमत नाही. पण उपाय एकदम सोपा आहे, आईने मला शिकवलं तेव्हा शेजारी नाही, समोर बसवलं होतं, आरशासारखं, ती उजव्या हाताने करायची आणि मी तिचंच उलटं डाव्या हाताने. महिन्यातून एकदा कुणा डावऱ्या माणसाला बोलवा ना, किती जणी थँक्यू म्हणतील.

आता मुद्दा की तिथे बनवतात काय. तोरण. रुखवताचं सामान. मोबाइल ठेवायचा खिसा. टीव्हीवर टाकायचा रुमाल, आता टीव्ही भिंतीला चिकटलेला असतो, त्यावर रुमाल कुठे टाकणार? आमच्या वयाच्या लोकांना अंगावर घालता येईल असं काही करायचं असतं हो. टॉप, बकेट हॅट, ब्लाउजच्या बाह्या, जीन्सवर भरतकाम. आणि घालायचं म्हटलं की मापं आली, आणि मापं आली की तो कंटाळवाणा भाग येतो जो कुणीच शिकवत नाही, गेज. १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा आधी विणून त्यात टाके मोजायचे. पॅटर्न म्हणतो १० सेंटीमीटरला २० टाके आणि तुमचा हात सैल आहे, तुमचे १८ बसतात. दोनच टाक्यांचा फरक, काय होतंय, असं वाटतं. १०० सेंटीमीटर छातीला २०० टाके घातले की तुमचा टॉप होतो १११ सेंटीमीटरचा, म्हणजे जवळजवळ दोन साइज मोठा. हे मला दोन टॉप वाया गेल्यावर कळलं. मुंबईच्या दमट हवेत अ‍ॅक्रिलिकचा टॉप घालून लोकलमध्ये उभं राहिलं की काय होतं तेही घालून बघितल्यावर कळलं, सुती घ्या बायांनो. आणि अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली की ते लुळं पडतं, परत पहिल्यासारखं होत नाही, हेही एकदा अनुभवलंय. एवढं सगळं मी स्वतःच्या पैशाने शिकले, जे टीव्हीवर एका आठवड्यात फुकट शिकवता आलं असतं.

रेझिनच्या एपिसोडला मात्र मी खरंच चिडले. इपॉक्सी रेझिनचे, म्हणजे दोन द्रव मिसळले की कडक होतं त्या पदार्थाचे, कोस्टर, सोबत सातवी-आठवीतली एक मुलगी, दोघींच्या हातात ग्लव्ह्ज नाहीत, तोंडाला मास्क नाही, बंद स्टुडिओ, आणि प्रमाण काय तर "थोडं थोडं घ्या". इपॉक्सी त्वचेला लागत राहिलं की अ‍ॅलर्जी होते आणि ती एकदा झाली की सहसा जात नाही. माझी मैत्रीण रेझिनचे दागिने करायची, तिने सोडलंय, हातावर पुरळ यायला लागलं. आणि थोडं थोडं म्हणजे किती? रेझिन आणि ते कडक करणारा दुसरा द्रव, हार्डनर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच लागतं, नाहीतर चिकट राहतं ते राहतंच. पावसाळ्यात आपल्याकडे वर धुरकट थर येतो तो वेगळाच. यांच्याकडे "जरा वेळ ठेवूया" म्हणून जाहिरात लागली आणि परत आल्यावर कडक, चकचकीत. घरी कमीतकमी एक दिवस लागतो, आणि वन रूम किचनमध्ये तो एक दिवस ते कुठे ठेवायचं, धूळ बसू न देता, भावाच्या कोपरापासून लांब, हा खरा प्रश्न. त्यावर एपिसोड करा.

टाकाऊतून टिकाऊवर जास्त बोलत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला ग्लू गनने लेस आणि वर ग्लिटर, झाली फुलदाणी. आधी ती बाटली निदान भंगारवाल्याने तरी घेतली असती.

साहित्याचं पण तेच. "बाजारात सहज मिळणारं साहित्य." कुठल्या बाजारात ताई? मुंबईत बसून मुंबईच्या लोकांना दाखवताय, सांगा ना सरळ की सीएसएमटीला उतरा, चालत क्रॉफर्ड मार्केट, तिथून अब्दुल रेहमान स्ट्रीट, कापड हवं तर मंगलदास मार्केट, मणी-लेस-टिकल्या हव्या तर भुलेश्वर, आणि रविवारी जाऊ नका कारण बहुतेक दुकानं बंद असतात आणि तुम्ही फक्त सरबत पिऊन परत याल. मी पहिल्यांदा रविवारीच गेले होते. लोकरीच्या लेबलवर रंगाच्या नंबरासोबत डाय लॉटचा नंबर असतो, सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या, नाहीतर अर्ध्यात पट्टा उठतो, दिव्याखाली नाही दिसत पण उन्हात दिसतो. हे एका वाक्याचं काम होतं.

आणि पैसे! यावर तर कुणी अवाक्षर काढत नाही. माझ्यासारख्या निम्म्या मुली विकायला बसल्यात, आणि सगळ्यांना एकच ऐकायला मिळतं, एवढ्याशा सूर्यफुलाचे तीनशे? ऑनलाइन नव्वदला मिळतं. आता गंमत अशी की क्रोशा अजून कारखान्यातल्या मशिनवर होत नाही, मशिनवर होतं ते निटिंग, म्हणजे सुयांवरचं विणकाम. म्हणजे ते नव्वदचं फूलसुद्धा कुणीतरी हातानेच विणलंय, मग तिला काय मिळालं असेल हिशोब करा. आंध्रात नरसापूर म्हणून गाव आहे, तिथल्या आणि आजूबाजूच्या बायका पिढ्यानपिढ्या घरी बसून क्रोशाची लेस करतात, मिशनऱ्यांनी आणलेलं काम, परदेशात जातं, आणि विणणारीच्या हातात येतो त्यातला अगदी थोडा पैसा. त्यांच्यातल्या एकीला स्टुडिओत बोलवा. कार्यक्रमात मात्र शेवटी ठरलेलं वाक्य, "मैत्रिणींनो, फावल्या वेळात नक्की करून बघा". फावला वेळ कुणाला आहे? मी भांडुप ते भायखळा लेडीज डब्यात उभ्याने विणते. आणि मैत्रिणींनोच का, माझा मामेभाऊ माझ्यापेक्षा सुरेख मॅक्रमे (दोऱ्याच्या गाठींचं काम) करतो, तो हे ऐकून म्हणाला मी जातो, तुमचं चालू द्या.

कुणी म्हणेल टीव्हीवर असं सगळं दाखवता येत नाही, लोक चॅनेल बदलतील. येतं हो. ब्रिटनमध्ये बीबीसीवर २०१३ पासून ‘द ग्रेट ब्रिटिश सोइंग बी’ ही शिवणकामाची स्पर्धा चालू आहे. सगळे हौशी शिवणारे, एक काम पॅटर्नवरून, एक जुन्या कपड्यातून नवीन करायचं आणि एक खऱ्या माणसाच्या मापाने. त्यात चेन उलटी लागते, बाही मुंढ्यात बसत नाही, वेळ संपत आलेली असते आणि माणूस घाम पुसत टीप उसवत बसलेला असतो, आणि आपण इथे भांडुपला श्वास रोखून बघतो, ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही तो माझा भाऊसुद्धा. आमच्या लहानपणी पोगोवर ‘मॅड’ नावाच्या क्राफ्टच्या कार्यक्रमात रॉब यायचा, तो पण समोर बसून करायचा आणि घरात जे असेल त्याने करायचा, म्हणून तर आम्ही सगळ्यांनी घरातले पुठ्ठे कापले.

दोन स्टार कशाचे ते राहिलंच. एक आईचा, कारण तिला त्या ताईंच्या साड्या आवडतात आणि ते खरंय, छान असतात. दुसरा एका गोधडीच्या एपिसोडचा. नाशिककडच्या एक आजी आल्या होत्या, जुन्या नऊवारीचे थर, कडेपासून आत आत येत धावदोरा, जमिनीवर पसरून. स्टुडिओत त्यांना टेबल दिलं होतं, त्या म्हणाल्या खाली बसते, मग कॅमेऱ्यालाच खाली यावं लागलं आणि पहिल्यांदा आम्हाला हात वरून दिसले. बोलता बोलता आजींनी कापडाखाली हात घातला आणि थांबल्या, आतला थर गोळा झाला होता. म्हणाल्या, "चुकलं, उसवते." ताई म्हणाल्या राहू द्या आजी, दिसत नाहीये. आजी म्हणाल्या अंगाला लागंल ना. आणि त्यांनी दीड ओळ उसवली, दोरा न तोडता, सुईच्या मागच्या टोकाने एकेक टाका उचलत, मग तोच दोरा परत ओवून वापरला. तीन-चार मिनिटं नुसतं हेच. म्युझिक लावायचं बहुतेक विसरले. ताईंना काय बोलावं सुचेना, आणि आमच्या घरात आई भाताचा घास हातात धरून बसलेली. संपल्यावर तिने कपाटाच्या वरून तिच्या आईची गोधडी काढली आणि आम्ही उलटी करून बघितली तर एका कोपऱ्यात दोऱ्याचा रंग बदललेला होता.

तो एपिसोड चॅनेलच्या यूट्यूबवर आहे, मी शोधला, मैत्रिणींना पाठवायला. बारा मिनिटांचा करून टाकलाय. उसवायचा भाग कापलाय.