रोझ इंजिन (लाकडावर नक्षी कोरायचं मशीन) बनवून देतो म्हणून ७३,७५० घेतले आणि भंगार पाठवलं

लिहायला लाज वाटतेय पण लिहितोय, कारण त्या माणसाचा नंबर बंद झाला तरी त्याने मला पाठवलेले मशीनचे फोटो परवा दुसऱ्या नावाने परत दिसले. म्हणजे धंदा चालूच आहे आणि आपल्यातलाच कोणीतरी पुढचा बळी आहे.

मी बडोद्याचा. लाकडाच्या कातकामाची हौस जुनी, संखेड्याला जाऊन खरादी म्हणजे लाकूड कातणाऱ्या लोकांचं काम बघत बसायचो, लाख चढवतात, कलईची नक्षी, केवड्याच्या पानाने घासून चमक आणतात, ते बघूनच वेड लागलं. घरी साधा लाकूड कातायचा लेथ आहे, स्पिंडल म्हणजे फिरणारा दांडा एम ३३ बाय ३.५ आट्यांचा. मला त्यावर ऑर्नामेंटल टर्निंग करायचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, साध्या लेथमध्ये लाकूड जोरात फिरतं आणि हत्यार हातात असतं, इथे उलटं, लाकूड अगदी हळू फिरतं, बहुतेक हाताने हँडल मारून, आणि कटर स्वतः जोरात फिरतो. रोझ इंजिनमध्ये तर आख्खं हेडस्टॉक, म्हणजे स्पिंडल धरणारं लेथचं डोकं, खालच्या बिजागरीवर झुलतं, स्पिंडलवर पाकळ्यापाकळ्यांची चकती म्हणजे रोझेट, ती स्प्रिंगने एका टेकूला दाबलेली, चकती फिरली की काम, म्हणजे लावलेलं लाकूड, मागेपुढे डोलतं आणि लाकडावर फुलासारखी नक्षी उमटते.

हे मशीन दुकानात मिळत नाही हो. लंडनच्या होल्ट्झॅपफेलवाल्यांनी १७९५ पासून असले नक्षीचे लेथ विकले, आता जुने कुठे लिलावात निघतात, ते आपल्या खिशाचं काम नाही. म्हणून बाकीचे हौशी लोक करतात तेच, आपलाच लेथ बदलून घ्यायचा. मग राजकोटचा कोणी "कन्व्हर्जन किट बनवतो" म्हणाला तर विश्वास का बसणार नाही? राजकोटला लेथ बनतात हे सगळ्या गुजरातला ठाऊक आहे.

आणि मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत हे आधी सांगतो. पहिल्यांदा फक्त २४ भोकांची इंडेक्स प्लेट, म्हणजे काम सारख्या भागांत फिरवून पिनने अडकवायची चकती, मागवली, १,८५० रुपये. वेळेत आली, भोकं साफ, पिन घट्ट बसत होती. आधी एक नंबरी माल पाठवून विश्वास कमवायचा आणि मग मोठा घाव घालायचा, हा डाव तुम्हाला माहीतच आहे, पण तो आपल्यावर चालू असताना दिसत नाही. मग मोठी ऑर्डर दिली, झुलणारं हेडस्टॉक, तीन रोझेट, ९६ आणि १४४ भोकांच्या रांगांची प्लेट, लाकूड पकडायला एम ३३ आट्यांचा चार जॉचा (जबड्यांचा) चक, सगळं मिळून ६२,५००. ॲडव्हान्स २५,०००. मग "पितळ महाग झालं काका" म्हणून १२,५००. मग माल निघायच्या आधी उरलेले २५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी ११,२५०. करा बेरीज.

आता तो फोटो. ॲडव्हान्स दिल्यावर त्याने "तुमचं मशीन तयार होतंय" म्हणून फोटो पाठवला आणि त्यात हेडस्टॉक उजव्या हाताला होतं. लेथचं डोकं डावीकडे असतं, माझ्या लेथचं तर नक्कीच आहे, आणि हे माझ्या लेथवर बसणार होतं! वर प्लेटवर कोरलेला ९६ आकडा आरशात दिसावा तसा उलटा. मी विचारलं हो, गप्प नाही बसलो. तो म्हणाला, "काका, ए तो सेल्फी कॅमेरानो फोटो छे." सेल्फी कॅमेऱ्यात उलटं दिसतं हे खरंच आहे, तुमच्या फोनमध्ये बघा. कोणीही मानलं असतं. पण समोरच्या मशीनचा फोटो कोण सेल्फी कॅमेऱ्याने काढतो? हा एक प्रश्न त्या रात्री डोक्यात आला असता तर ४८,७५० वाचले असते, कारण तोपर्यंत फक्त २५,००० गेले होते. हे आठवलं की अजून झोप लागत नाही. नंतर भाच्याने तो फोटो सुलटा करून इमेज सर्च केला, दोन मिनिटांत कोणा परदेशी माणसाच्या वर्कशॉपचा निघाला. उलटा करतात तो ह्यासाठीच, तसाच शोधला तर सहज सापडू नये म्हणून. उलटा फोटो आला की आधी सुलटा करून शोधा.

खोकं जड होतं, उघडेपर्यंत मला आनंदच होता. रोझेट म्हणजे प्लायवूडच्या चकत्या, कडेला कापायच्या रेघांचा कागद अजून चिकटलेला, तो सोलायचेही कष्ट घेतले नाहीत. पितळाचे १२,५०० कुठे गेले? हेडस्टॉकच्या नावाखाली दोन गंजके अँगल आणि दाराची बिजागरी. चकच्या जॉवर १, २, ३, ४ असे नंबर असतात, त्याच क्रमाने घालावे लागतात, ह्याच्यावर १, ३, ३, ४. आटे वेगळेच, माझ्या स्पिंडलवर दोन फेरे जाऊन अडकला. प्लेट हाताने ड्रिल केलेली, शेवटच्या दोन भोकांमधलं अंतर बाकीच्यांपेक्षा कमी, म्हणजे नक्षीची शेवटची पाकळी चेपलेली येणार. साध्या वाटीला चक थोडा डोलला तरी पॉलिशपेपरने निभावतं, ह्या कामात खाचच मिलिमीटरच्या काही दशांश खोल असते, पकड जरा डोलली की एका बाजूला नक्षी खोल आणि दुसऱ्या बाजूला गायब.

आणि बिल! बिलावर आयजीएसटी लावलेला, तो दोन राज्यांमधल्या विक्रीला असतो. राजकोट ते बडोदा गुजरातच्या गुजरातमध्ये आहे, सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ पाहिजे. जीएसटी नंबरची सुरुवात ०८ ने, म्हणजे राजस्थान, गुजरातचा २४ असतो. नंबर जीएसटीच्या साइटवर फुकट तपासता येतो, पैसे द्यायच्या आधी प्रोफॉर्मा म्हणजे कच्चं बिल मागून तपासा. मला बिल खोक्यातच मिळालं.

आता खरा संताप. बँकेत गेलो तर काउंटरवरची बाई म्हणे पिन तुम्हीच टाकलाय, हा अनऑथोराइज्ड व्यवहार नाही, आम्ही काही करू शकत नाही. मग ज्या खात्यात पैसे गेले त्याची केवायसी कोणी केली? तिन्ही वेळा खात्याचं नाव वेगळं होतं, ते तुमच्या सिस्टिमला दिसत नाही? उत्तर नाही, "हेड ऑफिसला मेल करा". पोलीस चौकीत तर कमालच. साहेबांनी खोकं बघितलं, बिल बघितलं आणि म्हणाले, "माल तो मळ्यो ने? तो पछी आ सिविल मॅटर छे." म्हणजे माल मिळाला ना, मग हे दिवाणी प्रकरण. मी जॉचे नंबर दाखवतोय, आटे दाखवतोय, ते फोनवर बोलतायत. मी म्हटलं साहेब, लबाडीने पैसे काढणं म्हणजे भारतीय न्याय संहिता ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर "वकील छो?" असं विचारून बाहेर बसवलं. दुपारभर बसलो. शेवटी साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. माझ्या वयाच्या माणसाला, सगळे स्क्रीनशॉट प्रिंट काढून फाइल लावून नेलेली असताना, भांडकुदळ असल्यासारखं वागवलं. चोराला कोणी एक फोन केला नाही!

तेव्हा कळलं की भंगार का पाठवतात. काहीच पाठवलं नाही तर सरळ चोरी, काहीतरी पाठवलं की "मालाबद्दल तक्रार". ते कुरियरचे पैसे त्यांनी पोलिसांपासून सुटायला खर्च केलेत. म्हणून खोकं उघडताना व्हिडिओ काढाच, कुरियरच्या पावतीवरचं वजन दिसेल असा. सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन पैसे गेल्या गेल्या करा, तासाभरात केलात तर खात्यात अडकवता येऊ शकतात, मी माल येईपर्यंत थांबलो तोवर खाती रिकामी. पैसे देताना स्क्रीनवर येणारं नाव बिलाच्या नावाशी जुळलं नाही तर तिथेच थांबा. चालू मशीनचा व्हिडिओ मागा, त्यात तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा, आणि लाकूड जोरात फिरताना दिसलं तर तो रोझ इंजिनचा व्हिडिओच नाही. पकडीसाठी तर महागडा चक लागतही नाही, फेसप्लेटवर (स्पिंडलवर बसणाऱ्या सपाट चकतीवर) लाकडाचा ठोकळा बसवा, तिथल्या तिथे सपाट कातून घ्या आणि काम त्यावर चिकटवा, तो ठोकळा तुमच्याच स्पिंडलवर कातलेला असल्यामुळे डोलत नाही. बाकीचं आपल्या बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) समोर उभं राहून करून घ्या, माल हातात आल्यावर पैसे.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय, भाचा ऑनलाइन भरून देतोय. हेडस्टॉक उजवीकडे आणि ९६ उलटा असा फोटो तुमच्याकडे आला असेल तर चॅट डिलीट करू नका, ज्या खात्यात पैसे मागितले त्याच्या नावाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि मला कळवा, मला तो माझ्या तक्रारीला जोडायचा आहे.