चिखलदऱ्यातला तलावाकाठचा मुक्काम : बारा महिन्यांचा हिशेब

चिखलदऱ्याला बारमाही थंड हवा असते, असं खोली देणारा प्रत्येक जण सांगतो. ते अर्धंच खरं. गाव सुमारे ११०० मीटरवर, अमरावती साडेतीनशेच्या आसपास. हजार मीटर चढलं की पारा साधारण सहा-साडेसहा अंश उतरतो. म्हणजे मे महिन्यात खाली ४४ असेल तर वर ३९. दुपारी कूलर लागतोच. खरा गारवा रात्री आणि पहाटे.

आणि मेख त्या कूलरातच आहे. कोरड्या हवेत मोठा कूलर दिवसाला पन्नासेक लिटर पाणी सहज पितो, आणि मेमध्ये वर पाण्याचीच ओढ असते. पाऊस इथे भरपूर, पण काळ्या पाषाणाच्या पठारावरून तो दऱ्यांत वाहून जातो, मुरतो थोडा. गावाची भिस्त शक्कर तलाव आणि काळापाणी तलावावर. दोन्ही आटायला लागले की टँकर. म्हणून उन्हाळ्याचं बुकिंग करताना ‘एसी आहे का’ हे नंतर विचारा, आधी टाकी किती लिटरची ते विचारा. दहा खोल्या, खोलीमागे तिघं, माणशी शंभर लिटर धरले तरी रोजचे तीन हजार लिटर होतात, कूलरचे वेगळे. टाकी पाच हजारांची असेल तर एक टँकर चुकला की दुसऱ्या दिवशी बादलीच. त्यातच तलाव खाली गेलेला असतो, म्हणून ‘लेक व्ह्यू’चे जास्तीचे पैसे मेमध्ये देऊ नयेत. समोर भेगाळलेला गाळ दिसतो.

जुलै-ऑगस्टची गोष्ट उलटी. पाणी चिक्कार, पण दिसत काही नाही. वऱ्हाडातली सगळी गर्दी याच दिवसांत वर येते आणि भीमकुंडाच्या कठड्यापाशी उभी राहून पांढऱ्या धुक्याचे फोटो काढते. धबधब्याचा आवाज तेवढा येतो. धुकं कधी दहा मिनिटं फाटतं, कधी दिवसभर नाही. त्यामुळे पावसाळ्यात एका रात्रीचा मुक्काम हा जुगार आहे. दोन रात्री ठेवा, त्याही सोमवार ते गुरुवारच्या. शनिवार-रविवारी घाटाखालच्या परतवाड्यापासून वर गाड्यांची रांग लागते आणि भाडंही चढं असतं.

या दिवसांत खोली निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गरम पाणी. बऱ्याच ठिकाणी छतावर सोलर असतो. सलग ढग असले की तो नुसता शोभेचा. विजेचा गिझर किंवा बंब आहे का ते विचारा, आणि वीज गेली तर जनरेटर गिझर ओढतो की फक्त दिवे. घाटात झाड पडून तारा तुटणं या महिन्यांत नेहमीचं. दुसरी, ओल. तलावाकडची आणि तळमजल्याची खोली सर्वात ओलसर. गादी दाबून पाहा, कपाट उघडून वास घ्या. वरचा मजला बरा. तिथे पत्र्याचं छत असेल तर मात्र रात्रभर ताशा वाजतो. तिसरी, खिडकीची कडी. सैल असेल तर माकडं आत येतात आणि साबणसुद्धा सोडत नाहीत. टॉवेल दोन दिवसांत वाळत नाही, तो घरून जादाचा आणलेला बरा.

वर जायला परतवाड्याहून दोन वाटा : धामणगाव गढी-मोथ्याची जवळची आणि घटांगची लांबची. गाडीची टाकी परतवाड्यातच भरा, रोख पैसेही तिथेच काढा. वर नेटवर्क गेलं की फोनवरचं पेमेंट अडकतं. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की लायनिंग तापून जळका वास येतो. तो आला तर गाडी बाजूला लावून निवू द्या, चाकावर पाणी ओतू नका. धुक्यात लाइट डिपरवरच ठेवा, अप्परने समोर पांढरी भिंत उभी राहते.

पूर्ण पैसे वसूल होतात ते नोव्हेंबर ते जानेवारीत. तलाव भरलेला, दऱ्या स्वच्छ, पंचबोल पॉइंटला आवाज फिरून येतो, मोथ्याकडे स्ट्रॉबेरी सुरू झालेली. गाविलगड याच दिवसांत करावा. पावसाळ्यात तिथे गवत कमरेएवढं, पायऱ्या दिसत नाहीत. आता चार तास आणि माणशी दोन लिटर पाणी पुरतं. सफारीही आताच जुळते, पावसाळ्यात मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा गाभा (आतलं राखीव जंगल) बंद असतो. रात्री मात्र एक पांघरूण कमी पडतं, दुसरं आधीच मागून ठेवा. बोटिंग बेताचंच, अंगाला बसणारं लाइफ जॅकेट मिळालं नाही तर काठावरच्या बागेत बसावं, तेही वाईट नाही.

जेवणाचं दुपारीच सांगून ठेवावं लागतं. ऐनवेळी पनीरच मिळतं, आधी सांगितलं तर भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. गवळ्यांकडची रबडी चुकवू नये. खवा घरी न्यायचा असेल तर निघायच्या दिवशी सकाळी घ्या. आदल्या दिवशीचा खवा गाडीत ठेवला तर खालच्या उन्हात आंबतो.